एक हाक मारली असती तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इयन मॅक्युअनच्या 'ऑन चेसिल बीच' या कादंबरीवर जे आलंय ते वाचलं आणि खरंच वाईट वाटलं. "फसलेल्या पहिल्या रात्रीची गोष्ट" म्हणून सगळं उरकून टाकलंय आणि त्यातल्या नव्या नवरीला, फ्लोरेन्सला, सरळ "थंड" म्हटलंय. अहो, कादंबरीत तिचा नवरा एडवर्ड रागाच्या भरात तिला हेच तर ऐकवतो, आणि त्यातच सगळं संपतं ना!

१९६२ चा जुलै, सकाळी लग्न झालंय, इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात दोघं जेवायला बसलेत, वेटर रूममध्येच उभे, भूक कोणालाच नाही. दोघांचा एकमेकांवर जीव आहे हो, हे कोणी लक्षातच घेत नाही. त्याला घाई झालीये पण आपलं काही चुकेल याची धास्ती पण आहे, आणि तिला तर त्या स्पर्शाचीच शिसारी येते, पण ते सांगायला शब्दच नाहीत तिच्याकडे. आईशी बोलायची सोय नाही, नवऱ्याशी तर त्याहून नाही. शिवाय लहानपणी वडिलांबरोबर बोटीतून केलेल्या प्रवासाचा विषय येतो तो लेखक मुद्दाम अर्धवट सोडतो, तिथे थांबून विचार केला असता तर "थंड" लिहिताना हात अडखळला असता.

मला सगळ्यात जास्त लागलं ते किनाऱ्यावरचं भांडण. ती म्हणते आपण एकत्र राहू, तू हवं तर दुसऱ्या बायकांकडे जा, माझी हरकत नाही. ती केवढं धाडस करून बोलतेय, आणि त्याला तो नुसता अपमान वाटतो. ती चालत निघून जाते, हा नुसता बघत उभा. एका संध्याकाळीला जवळजवळ अख्खं पुस्तक दिलंय आणि पुढची चाळीस वर्षं मोजक्या पानांत संपवलीत, ते वाचताना घशात आवंढा येतो. म्हातारपणी त्याला कळतं की तेव्हा नुसती एक हाक मारली असती तरी ती थांबली असती.

लग्न मोडल्यावर सहा वर्षांनी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये तिच्या क्वार्टेटचा, म्हणजे चार वादकांच्या गटाचा, कार्यक्रम असतो. मी तिथे बसून बघेन असं त्याने कधीतरी वचन दिलेलं असतं, आणि तिची नजर तिसऱ्या रांगेतल्या त्याच खुर्चीवर जाते. हे पान वाचून ज्याला फ्लोरेन्स थंड वाटली त्याने ते परत एकदा वाचावं, आणि पुरवणीत तो शब्द मागे घ्यावा एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक