सेबीच्या अध्यक्षांना खुलं पत्र: माणसाला विचारू नका, खातं बघा

मा. अध्यक्षसाहेब,
सेबी, बीकेसी, मुंबई

साहेब नमस्कार,

माझं ठाण्याला नौपाड्यात झेरॉक्स, टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. शेअर बाजारातला मी कोणी तज्ज्ञ वगैरे नाही. पण कोविड आणि शेअर बाजार या विषयावरचे इतके प्रोजेक्ट माझ्या दुकानातून टाइप होऊन, बाइंड होऊन गेलेत की आता मुलाने पेन ड्राइव्ह लावला आणि पहिलं पान उघडलं की शेवटचं पान मी न बघता सांगू शकतो. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चला ब्लॅक बुकचा सीझन असतो (ठाण्या-मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो, टीवायच्या पोरांना शेवटच्या सेमिस्टरला जो प्रोजेक्ट द्यावा लागतो त्याला इकडे सगळे ब्लॅक बुक म्हणतात, काळं कव्हर आणि वर सोनेरी अक्षरं म्हणून), आणि 2021 पासून बीएमएस, बीएएफ, एमकॉम कोणीही येवो, विषय काय तर कोविडकाळातलं गुंतवणूकदारांचं वर्तन, स्पेशल रेफरन्स टू ठाणे सिटी. कधी ठाण्याच्या जागी नवी मुंबई, कधी डोंबिवली. बाकी मजकूर तोच.

पत्र लिहायचं कारण एक ब्लॅक बुकच आहे, आणि मागणी ही की शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या तुमच्या सेबीने लोकांच्या खात्यांचे व्यवहार नावं काढून अभ्यासाला खुले करावेत. कळव्याची एक मुलगी आली होती, हुशार पोरगी, गूगल फॉर्मला शंभर लोक हवेत आणि ऐंशीच झालेत म्हणून रडवेली झाली होती. मी म्हटलं दे लिंक, मी भरतो आणि गिऱ्हाइकांकडून पण भरून घेतो. त्यात एक प्रश्न होता, मार्च 2020 मध्ये बाजार पडला तेव्हा तुम्ही काय केलंत? पर्याय होते विकलं, धरून ठेवलं, खरेदी केली, काहीच नाही. मी बिनधास्त ‘खरेदी केली’वर टिक केलं. पुढे, एकूण नफा की तोटा? ‘माफक नफा’. सबमिट.

त्याच आठवड्यात बँकेला लोनसाठी जुने कागद हवे होते म्हणून मेलमधली स्टेटमेंटं काढत बसलो आणि बघतो तर काय, मार्च 2020 ला माझं डिमॅट खातंच (शेअर ठेवायचं खातं) नव्हतं. खातं उघडलंय ऑगस्टमध्ये. मार्चमध्ये माझ्या नावावर एकच व्यवहार सापडला, म्युच्युअल फंडाची सगळी युनिटं विकली ती, आणि तारीख कोणती तर 24 मार्च! साहेब तुम्हाला सांगायला नको, सोमवारी 23 तारखेला सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी पडून 25,981 वर बंद झाला होता, दहा टक्क्यांचं लोअर सर्किट लागून 45 मिनिटं ट्रेडिंग बंद होतं, आणि त्या पडझडीतला सगळ्यात खालचा बंद भाव तो तोच. म्हणजे बाजाराने तळ गाठला त्याच्या दुसऱ्या दिवशी हा शहाणा बाहेर पडला. आणि नफा? दोन वर्षांचं कॉल-पुटचं (भाव वर जाईल की खाली यावर लावायचे सौदे) सगळं जमेला धरलं तर पासष्ट हजार गेलेले, कलर प्रिंटर आला असता.

मी काही खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं आठवत होतं. लॉकडाऊनमध्ये शटर बंद, लोकल बंद, जुलैत ठाण्यात परत कडक लॉकडाऊन लागला तेव्हा तर गल्लीत चिटपाखरू नाही, घरात बसून मोबाइलवर रोज बाजार बघायचो, सोसायटीच्या ग्रुपवर सगळे ‘डिपला घ्या डिपला घ्या’ करत होते, ते सगळं डोक्यात असं मिसळलंय की मी मार्चमध्ये घेतलं असंच मला वाटायला लागलं होतं. मग मी ज्या गिऱ्हाइकांकडून फॉर्म भरून घेतला त्यातल्या दोघा-तिघांना म्हटलं जरा स्टेटमेंट बघा हो. एक जण हसला, दुसऱ्याने विषय बदलला.

आता बघा, त्या मुलीच्या प्रोजेक्टमध्ये पाय चार्ट आला, पडत्या बाजारात खरेदी करणाऱ्यांचा तुकडा सगळ्यात मोठा. त्यावर तिने ‘काय-स्क्वेअर’ नावाची आकडेशास्त्रातली टेस्ट लावली, निष्कर्ष काढला की ठाण्यातला गुंतवणूकदार संकटात धीर धरणारा आहे. तिची काय चूक? तिला जे मिळालं त्यावर तिने इमानदारीत काम केलं. आणि हे फक्त ब्लॅक बुकपुरतं नाही, पीएचडीचे थिसिस पण माझ्याकडे येतात, तिथेही पाच पर्यायांची प्रश्नावली असते, ‘मी गर्दीच्या मागे जातो’, सहमत, पूर्ण सहमत, असहमत. आता कोण म्हणेल हो की मी मेंढरासारखा गर्दीच्या मागे जातो?

इतकी वर्षं वाचून (टाइप करता करता वाचलं जातंच) मला जे समजलंय ते सांगतो, चुकलं तर सोडून द्या. कोविडवर बाजाराचं जे संशोधन झालं ते सुरुवातीला सगळं इंडेक्सवर, म्हणजे सेन्सेक्ससारख्या अख्ख्या बाजाराच्या आकड्यावर होतं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळून सांगितलं की तिकडे 24 फेब्रुवारी ते 24 मार्च या 22 ट्रेडिंग दिवसांत 18 वेळा बाजाराने अडीच टक्क्यांच्या वर उडी नाहीतर बुडी मारली, आणि 1918 चा स्पॅनिश फ्लू धरून आधीच्या कुठल्याच साथीने बाजाराला असं हलवलं नव्हतं. कोणीतरी 64 देशांचे आकडे घेऊन दाखवलं की बाजार मृत्यूंपेक्षा केसेसच्या आकड्याला जास्त घाबरला. ही कामं चांगलीच आहेत, पण ती बाजाराची कथा आहे, माणसाची नाही. मग दुसरी लाट प्रश्नावल्यांची. आणि आता तिसरी आलीये ती बिब्लिओमेट्रिकची, म्हणजे संशोधनावरचं संशोधन, कोणत्या देशात किती पेपर छापले, कोणी कोणाचा दाखला दिला, त्याचा रंगीत गोळ्यांचा जाळीदार नकाशा येतो. तो ब्लॅक अँड व्हाइट मध्ये काही दिसत नाही त्यामुळे कलर लेझर लागतो, माझा धंदा होतो, मला तक्रार नाही. फक्त त्या गोळ्यांमध्ये ‘हर्डिंग’ (मेंढरासारखं मागे जाणं), ‘ओव्हरकॉन्फिडन्स’, ‘सेंटिमेंट’ असे शब्द तरंगताना दिसतात आणि मी विचार करतो की यातला एक तरी गोळा कळव्याच्या माणसाचं खातं बघून आलाय का.

खातं बघून केलेलं काम वेगळंच असतं. प्रत्येक ब्लॅक बुकाच्या दुसऱ्या चॅप्टरमध्ये बार्बर आणि ओडीन ही अमेरिकन संशोधकांची जोडी असतेच, त्यांची नावं मी आता झोपेत पण बरोबर टाइप करीन. त्यांनी काय केलं होतं तर अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडून 66,465 घरांचे 1991 ते 1996 चे व्यवहार मिळवले आणि हिशोब मांडला, बाजाराने वर्षाला 17.9 टक्के दिले आणि सगळ्यात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या हाताला लागले 11.4. कोणाला काही विचारलं नाही. एका ब्रोकरने डेटा दिला आणि इतकी वर्षं अख्खं जग त्यावर शिकतंय, नौपाड्यासकट. कोविडमध्ये पण ज्यांना असे व्यवहार मिळाले त्यांनी 2020 सालीच दाखवून दिलं की केसेस दुप्पट झाल्या की लोकांचं ट्रेडिंग 13.9 टक्क्यांनी वाढतं. म्हणजे भीती वाटली की माणूस बाजारापासून लांब जाईल असं आपल्याला वाटतं, तो तर उलट जास्त बटणं दाबत बसला. मला हे वाचून आधी पटलं नाही, मग स्वतःचा एप्रिल 2021 आठवला, दुसरी लाट, सोसायटीत रोज कोणाच्या तरी ऑक्सिजनची धावाधाव, आणि मी बेडरूममध्ये एक्सपायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या दिवशी कॉल विकत घेत होतो. हे वाक्य लिहिताना आता लाज वाटतेय पण कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकर देतो ती व्यवहाराची पावती) आहे माझ्याकडे.

तर साहेब आपल्याकडे झालं काय, मार्च 2020 ला देशात साधारण 4.1 कोटी डिमॅट खाती होती, मार्च 2021 ला 5.5 कोटी, मार्च 2022 ला जवळपास 9 कोटी. (खाती म्हणजे माणसं नव्हेत, माझ्या एका घरात चार आहेत, हे पण कुठल्याच ब्लॅक बुकात लिहिलेलं नसतं.) सेन्सेक्स 21 जानेवारी 2021 ला 50 हजाराला शिवून आला, दहा महिन्यांत तळापासून जवळपास दुप्पट, आणि त्यावरून पोरं लिहितात की कोविडमध्ये किरकोळ गुंतवणूकदाराचं भलं झालं. अहो पण तो आत आला कधी? मार्चमध्ये आला की दिवाळीनंतर? किती दिवस टिकला? चढलेलं विकून पडलेलं ‘येईल वर’ म्हणत कवटाळून बसला का? हे इंडेक्स सांगत नाही, माणूसही सांगत नाही कारण माणूस म्हणजे माझ्यासारखा.

हे तुमच्याकडे आहे. आणि तुम्ही जेव्हा जेव्हा ते उघडून बघितलंत तेव्हा तेव्हा चित्र असं निघालं की पाय चार्टवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. जानेवारी 2023 च्या तुमच्या अहवालात होतं, एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स, कॉल-पुट त्यातच आले) करणारे सामान्य लोक 2018-19 ला 7.1 लाख होते ते 2021-22 ला 45 लाखांवर गेले आणि त्यातले 89 टक्के तोट्यात, सरासरी तोटा 1.1 लाख. 2024 च्या अहवालात तीन वर्षांचा मिळून 93 टक्के तोट्यात आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. इंट्राडेवाल्यांचं (त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणारे) पण तुम्हीच सांगितलंत, तिशीच्या आतली पोरं 2018-19 ला 18 टक्के होती ती 2022-23 ला 48 टक्के झाली. म्हणजे जी पोरं माझ्याकडे ब्लॅक बुक बाइंड करायला येतात तीच. अहवाल चांगले आहेत, मी त्यांचे प्रिंट काढून काउंटरला ठेवलेत, खोटं वाटेल पण पोरं फोटो काढून नेतात. पण ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आहेत. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे तर?

माझी मागणी एवढीच आहे की जानेवारी 2020 ते मार्च 2022 मधली नवीन उघडलेली खाती घ्या, त्यातून एखाद लाख खाती चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडा, नाव, पॅन, फोन, बँक सगळं काढून टाका, फक्त वय, पिनकोडचे पहिले चार आकडे (4006 म्हणजे आमचं ठाणं, 4007 म्हणजे नवी मुंबई, एवढ्यावरून कोणी कोणाला ओळखत नाही), खातं उघडल्याची तारीख आणि पुढचे सगळे व्यवहार, आणि ही फाइल कोणालाही डाउनलोड करता येईल अशी टाका. मोठ्या संस्थांना, प्राध्यापकांना डेटा मिळवायच्या वाटा असतात, अर्ज असतात, करार असतात, माहितीये मला. टीवायला असलेल्या मुलीला दोन महिन्यांत प्रोजेक्ट द्यायचा असतो, ती कुठे बीकेसीला करार करायला येणार. तिला 1991 च्या अमेरिकेतल्या घरांनी काय केलं ते पाठ आहे आणि 2020 ला तिच्याच बिल्डिंगमध्ये काय झालं ते शोधायला गूगल फॉर्मशिवाय काही नाही.

प्रायव्हसीचं म्हणाल तर मुद्दा खरा आहे, मी टाळत नाही. एका व्यवहाराची वेळ आणि रक्कम जुळवून कोणी ओळखू शकेल असं म्हणतात, मग वेळ काढा, फक्त दिवस ठेवा, रक्कम टप्प्यांत द्या. हे ठरवायला माझ्यापेक्षा शहाणी माणसं तुमच्याकडे आहेत, आणि लांब पण नाहीत, तुमच्या एनआयएसएमची (बाजाराचं शिक्षण देणारी तुमची संस्था) इमारत वाशीला सेक्टर 17 मध्येच आहे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडली की सरळ. तिथे एक खोली, चार कॉम्प्युटर, आणि इथल्या कॉलेजांतल्या पोरांनी आयडी कार्ड दाखवून बसायचं, फाइल बाहेर न्यायची नाही, असं केलं तरी चालेल. त्यातून दहा प्रोजेक्ट रद्दी निघतील. निघू देत, आत्ता शंभर निघतायत.

आणि घाई करा साहेब, कारण पुढची साथ, पुढची पडझड कधी येईल सांगता येत नाही आणि तेव्हा परत सगळे फॉर्म भरायला लावतील, आणि परत सगळ्यांनी तळालाच घेतलेलं असेल.

सुरुवात माझ्यापासून करा. संमतीपत्र जोडतोय, खाली सही आहे, 24 मार्चचा म्युच्युअल फंडाचा व्यवहार आणि ऑगस्ट 2020 नंतरच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोट सोबत झेरॉक्स करून लावल्यात, दोन्ही बाजूंनी, त्यामुळे पानं कमी दिसतील. स्पायरल केलंय. त्या मुलीचं ब्लॅक बुक मात्र सबमिट झालं, तिला चांगले मार्क पडले, माझं उत्तर चुकीचं होतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आपला,
नौपाड्यातला एक झेरॉक्सवाला