क्वामिनाचे नावही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिशनऱ्यांविषयी आपल्या दैनिकात सध्या जो पत्रव्यवहार चालू आहे, तो मी सुरुवातीपासून वाचतो आहे. काहींच्या मते मिशनरी म्हणजे इंग्रज सरकारने पुढे धाडलेला माणूस. काहींच्या मते त्याने शाळा-दवाखाने काढले, गोरगरिबांना जवळ केले, तेव्हा त्याचे ऋण मानायलाच हवे. दोन्ही बाजूंच्या पत्रांत लंडन मिशनरी सोसायटीचे नाव आले आहे. आम्हा बेळगावकरांना ही संस्था परकी नाही. तिचे जोसेफ टेलर १८२० मध्ये इथे आले, आणि आमच्या बेननस्मिथ हायस्कूलचे नाव तिच्याच दोन मिशनऱ्यांवरून पडले आहे. पण या संस्थेचा खरा कस लागला तो दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, डेमेराराच्या उसाच्या मळ्यांत. आजच्या गयाना देशातला हा भाग. तिथे १८२३ मध्ये झालेल्या गुलामांच्या उठावाबद्दल आणि त्यात मारल्या गेलेल्या क्वामिना या गुलामाबद्दल एकाही पत्रलेखकाने अवाक्षर काढलेले नाही, म्हणून हा खटाटोप.

सोसायटी १७९५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. तिचे पहिले जहाज ‘डफ’ १७९७ मध्ये ताहितीला पोहोचले. डेमेरारात तिचा पहिला उपदेशक जॉन रे १८०८ मध्ये आला, तोही हर्मानस पोस्ट नावाच्या एका डच मळेवाल्याने स्वतः बोलावले म्हणून. बाकीच्या मळेवाल्यांना हे मुळीच रुचले नाही. गुलाम प्रार्थनेला जमला की चार मळ्यांच्या गुलामांना भेटणार, वाचायला शिकला की वर्तमानपत्र वाचणार, ही त्यांची धास्ती. आणि ती अगदीच निराधार होती असे नाही.

१८१७ मध्ये जॉन स्मिथ हा तरुण उपदेशक तिथे रुजू झाला. निघताना सोसायटीने त्याला दिलेल्या लेखी सूचना आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात घ्याव्यात. गुलामांच्या मनात मालकाविषयी किंवा आपल्या स्थितीविषयी नाराजी उत्पन्न होईल असा एक शब्दही जाहीरपणे वा खासगीत तोंडून निघता कामा नये. त्यांना दास्यातून सोडवायला तुला पाठवलेले नाही, धर्माचे सांत्वन द्यायला पाठवले आहे, असे त्यांत बजावले होते. सोसायटीला वसाहतीत पाय रोवायचा होता आणि त्यासाठी तिने गुलामगिरीपुढे मान तुकवली, हे तिच्या चाहत्यांनी मान्य करायला हवे. दुसऱ्या एका प्रॉटेस्टंट संस्थेची, एसपीजीची (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल), गोष्ट तर याहून वाईट. बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टनचे मळे तिला १७१० मध्ये मृत्युपत्राने मिळाले आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जात असे.

गव्हर्नर मरे याने स्मिथला पहिल्याच भेटीत सुनावले की एकाही निग्रोला वाचायला शिकवलेस तर वसाहतीतून हाकलून देईन. स्मिथ रोजनिशी लिहीत असे. सकाळी कानावर पडणारा चाबकाचा आवाज तिच्यात पुन्हा पुन्हा येतो. तिच्यातच क्वामिना भेटतो. क्वामिना हा ‘सक्सेस’ मळ्यावरचा मुख्य सुतार आणि स्मिथच्या बेथेल चॅपलचा (प्रार्थनामंदिराचा) डीकन, म्हणजे उपदेशकाचा मदतनीस, मंडळीतला सर्वांत विश्वासाचा माणूस. १८२२ मध्ये त्याची बायको पेगी आजारी होती. तिच्याजवळ बसायला त्याला दिवसाची सुट्टी मिळाली नाही. रात्री काम संपवून तो घरी आला, तेव्हा ती मरून पडलेली होती. ‘सक्सेस’चा मालक जॉन ग्लॅडस्टन हा लिव्हरपूलचा व्यापारी, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा बाप. त्याने डेमेरारात कधी पाऊलही ठेवले नव्हते.

मे १८२३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांची स्थिती सुधारण्याचे ठराव केले. त्यातून शेतात मुकादमाच्या हाती चाबूक नको, स्त्रियांना फटके नकोत, असे आदेश निघाले. ते वसाहतीत पोहोचले, पण गुलामांना कोणी अधिकृतपणे सांगितले नाही. राजाने स्वातंत्र्य दिले आहे आणि मालक ते दडपून बसले आहेत, अशी कुजबुज मळ्यामळ्यांत पसरली. त्यातच प्रार्थनेला जायचे तर मालकाची चिठ्ठी हवी, असा नियम मरेने त्याच वर्षी काढला होता. १८ ऑगस्टला उठाव झाला. क्वामिनाचा मुलगा जॅक त्याच्या सूत्रधारांपैकी. क्वामिनाचे मत मात्र हत्यार न उचलता काम बंद ठेवावे असे होते. सुमारे दहा हजारांवर गुलाम उठले आणि त्यांच्या हातून गोरे मेले ते दोन-तीन. बहुतेक गोऱ्यांना त्यांनी त्यांच्याच खोड्यांत अडकवून ठेवले, ज्या खोड्यांत काल हे गुलाम स्वतः बसत होते. त्या संध्याकाळी मरेची गाठ एका जमावाशी पडली. काय हवे विचारताच ‘आमचा हक्क’ असे उत्तर मिळाले. देवाने आम्हाला गोऱ्यांच्याच रक्तामांसाचे घडवले आहे, असेही ते म्हणाले. हे मरेने स्वतःच्या अहवालात लिहून ठेवले आहे.

दोन दिवसांनी ‘बॅचलर्स ॲडव्हेंचर’ मळ्यापाशी सैन्याने गोळीबार केला आणि मोठे हत्याकांड झाले. सप्टेंबरात क्वामिनाला रानात गाठून गोळी घातली, मग त्याचे प्रेत ‘सक्सेस’च्या रस्त्यालगत साखळदंडांनी टांगून ठेवले. स्मिथवर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्याचीच रोजनिशी पुरावा म्हणून त्याच्यापुढे वाचली गेली. फाशीची शिक्षा झाली, सोबत दयेची शिफारसही. क्षयाने खंगलेला स्मिथ ६ फेब्रुवारी १८२४ रोजी तुरुंगातच मेला. राजाची माफी त्यानंतर पोहोचली. पहाटेच्या अंधारात त्याला पुरले आणि पत्नीला प्रेतामागून चालायलाही मनाई केली.

एक गोरा पाद्री तुरुंगात मेला, तेव्हा इंग्लंड हादरले. हेन्री ब्रूम या खासदाराने संसदेत मांडलेला स्मिथच्या खटल्याच्या निषेधाचा ठराव १४६ विरुद्ध १९३ मतांनी पडला, पण गुलामगिरीविरोधी चळवळीला जोर आला तो याच वादातून. स्मिथ ‘डेमेराराचा हुतात्मा’ झाला. क्वामिनाच्या वाट्याला त्या वेळी असा कोणताही किताब आला नाही. माझे म्हणणे एवढेच, की मिशनचा इतिहास लिहिताना आपण लंडनचे संचालक आणि गोरा उपदेशक यांच्यातच अडकून पडतो. सोसायटीने गप्प बसायला सांगितले होते, स्मिथनेही उठावाच्या आदल्या दिवशी क्वामिनाला धीर धरायलाच सांगितले. तरीही चॅपलमध्ये ऐकलेल्या, इजिप्तच्या दास्यातून इस्रायली लोक सुटले त्या बायबलमधल्या गोष्टीतून स्वतःचा अर्थ काढला तो तिथे बसणाऱ्या गुलामांनी. मिशनने सुटका केली की मिशनने साम्राज्याची चाकरी केली, या आपल्या भांडणात त्या माणसांना जागाच उरत नाही. आपल्याकडचा मिशनचा इतिहासही याच नजरेने पाहावा, असे मला मनापासून वाटते.

याचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. १८३४ मध्ये मुक्तीचा कायदा अमलात आला. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, एकट्या जॉन ग्लॅडस्टनला एक लाख सहा हजार पौंडांहून अधिक. मळ्यांवर हात कमी पडणार हे ओळखून त्याने कलकत्त्याहून मजूर मागवले. ५ मे १८३८ रोजी ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही जहाजे पहिले हिंदी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, घेऊन गयानात लागली. दरवर्षी मे महिन्यात त्या आगमनाच्या बातम्या आपण छापता. तेव्हा १८२३ च्या उठावावर रविवार पुरवणीत एक सविस्तर लेख यावा, आणि त्यात स्मिथइतकीच जागा क्वामिनाला मिळावी, ही विनंती. जॉर्जटाउनमध्ये ज्या रस्त्याला गव्हर्नर मरेचे नाव होते, त्याला आता क्वामिना स्ट्रीट म्हणतात.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव