याजकाला दाखवा

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

त्या आरोग्याच्या सभेनंतर बाबांनी मधुमेहाची इन्सुलिनची सुई बंद केली, तेव्हापासून फोनवर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं. बाबा फोन आईच्या हातात देतात, आई रडते आणि माझी ड्युटीची वेळ होते. म्हणून लिहिते आहे. आई, तूच वाचून दाखव, बाबांचा चष्मा काही सापडायचा नाही.

सभेत बाबांनी दिलेल्या साक्षीचा व्हिडिओ आला तेव्हा मी नाईटला होते. तालुक्याच्या मैदानावरचा मंडप, मागे ही गर्दी, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले बाबा माइकवर सांगत होते, "तीन वर्सापासून पायाची आग व्हाये, रातभर झोप नाही लागे. प्रार्थना झाली अन् आग गेली. आता काहीच नाही वाटत." लोक हालेलुया म्हणाले. माझ्या पोटात मात्र गोळा आला. "आता काहीच नाही वाटत" हे मी वॉर्डात ऐकते, आणि ते ऐकलं की आधी पेशंटचे मोजे काढून तळवे बघते.

बाबा, तुम्ही खोटं बोलला नाहीत. आग गेली हे खरंच. पण शुगर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होत जातात. आधी आग होते, मुंग्या येतात. नसा आणखी मेल्या की आगही थांबते, कारण ती कळवणारं कुणी उरत नाही. त्या दिवशी मंडपात नेमकं काय झालं ते मी छातीठोक सांगणार नाही. मात्र पुढचं मला माहीत आहे. सोयाबीनचं धसकट टाचेत घुसलं आणि तुम्ही तसेच घरभर फिरलात. फरशीवर रक्ताचे डाग दिसले तेव्हा आईला कळलं, तुम्हाला नाही.

आबा असते तर त्यांनी हे एका नजरेत ओळखलं असतं. कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात त्यांनी उभा जन्म ड्रेसिंग केलं. महारोग्याची बोटं आपोआप झडत नाहीत, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. हाताला चटका कळत नाही, पायाला खडा टोचत नाही, जखम चिघळते आणि बोट जातं. वेल्लोरच्या ख्रिस्ती मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड होते, मिशनऱ्याच्या पोटी १९१४ साली तामिळनाडूतल्या डोंगरात जन्मलेले. त्यांनी कुष्ठरोग्यांचे हातपाय तपासून हेच जगाला दाखवलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर मधुमेह्यांच्या बधिर पायांनाही त्यांनी तोच धडा लावला. दुखणं ही देवाची देणगी आहे असं मानणारा हा देवभीरू माणूस. त्याने तुमची साक्ष ऐकली असती तर टाळ्या वाजवल्या नसत्या, खाली बसून टाच पाहिली असती.

आबांचं एक वाक्य तुम्हा दोघांना आठवत असेल. "येशूनं दहा जणाइले एका दमात साफ केलं. आपल्याले एकेकाचा पाय धुवा लागते." रोज सकाळी आधी प्रार्थना, मग बादली. यातलं एक केलं की दुसऱ्याची गरज नाही, असं त्यांना कधी वाटलं नाही.

त्या दहा कुष्ठरोग्यांचीच गोष्ट बघा, बायबलमधल्या लूकच्या सतराव्या अध्यायातली. येशूने त्यांना काय सांगितलं? जा, स्वतःला याजकांना दाखवा. मोशेच्या नियमशास्त्रात कातडी तपासून हा शुद्ध की अशुद्ध ते ठरवणं हे याजकाचं, म्हणजे पुरोहिताचं, काम होतं. म्हणजे ज्याने बरं केलं त्यानेच तपासायला पाठवलं. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थाला १८५८ पासून लोक बरे व्हायला जातात. तिथे बरं झाल्याचे हजारो दावे झाले, डॉक्टरांनी वर्षानुवर्षं कागद पाहिले, आणि २०१८ पर्यंत कॅथलिक चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले फक्त ७०. आपण कॅथलिक नाही, पण त्यांची ही शिस्त मला आवडते. तुमच्या सभेत मात्र माइक आधी आला आणि ग्लुकोमीटर आलाच नाही. तो मी घरी लावला तेव्हा उपाशीपोटी शुगर ३१२ होती.

आता आई, तुझ्याशी. तुझं माहेर अकोल्याकडचं, अलायन्स मंडळीतलं, म्हणजे त्या मिशनच्या चर्चमधलं. ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि येणारा राजा, हे तू संडे स्कूलमध्ये पाठ केलंस. ही चौपदरी शिकवण देणारे अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन १८८१ मध्ये स्वतः हृदयाच्या दुखण्यातून बरे झाले, ही साक्ष मीही मानते. देव बरं करत नाही असं मी म्हणतच नाही. पण तेच सिम्प्सन १९१९ मध्ये पंच्याहत्तराव्या वर्षी, आजारी होऊनच गेले. त्यांचा विश्वास शेवटी आटला होता, असं म्हणायची तुझी तयारी आहे का?

"त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले" हे यशया संदेष्ट्याचं वचन सभेत दहादा म्हटलं गेलं. पेत्राने पत्रात ते पापाला लावलं आहे. मत्तयाने मात्र त्याच्याच आधीची ओळ देहाच्या दुखण्याला लावली आहे, हेही मी लपवत नाही. तेव्हा वचनात देह आहेच. पण आजच, याच मंडपात आणि सुई बंद करून, असं त्यात कुठे आहे? प्रेषित पौलाने आपल्या सोबती त्रफिमाला मिलेत गावी आजारी सोडलं. तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे न जाणाऱ्या पीडेसाठी, तीनदा विनवणी केली आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. हिज्कीया राजाला देवाने पंधरा वर्षं वाढवून दिली, तरी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच.

हे सगळं मी शांतपणे लिहू शकते. एका गोष्टीवर मात्र माझा राग आवरत नाही. जखम भरेना म्हणून तू सभेत प्रार्थना करणाऱ्या त्या सेवकांना फोन केलास आणि ते म्हणाले, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे. तेव्हापासून तू दिवसाआड उपास करते आहेस, आणि बाबा तुझ्याकडे, तू बाबांकडे संशयाने बघता. चाळीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा. कुठून आणलं त्यांनी हे?

याकोबाचा पाचवा अध्याय काढ. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे वडिलांनी घरी यायचं आहे, आजाऱ्याने ट्रॅक्टरवर बसून मैदानात जायचं नाही. आणि विश्वासाची प्रार्थना करायची आहे ती त्यांनी. छप्पर उकलून ज्याला खाली सोडलं त्या पक्षघाती माणसाच्या गोष्टीत येशूने चौघांचा विश्वास पाहिला. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेल्याला, आपल्याला कुणी बरं केलं हेही ठाऊक नव्हतं. मार्कच्या नवव्या अध्यायात मुलगा बरा होईना तेव्हा बोलणी खाल्ली ती शिष्यांनी. पोराचा बाप तर स्वतःच्या तोंडाने सांगतो, माझा अविश्वास घालवा, आणि तरी पोरगा बरा होतो. येशूच्या गावी, नासरेथात, अविश्वासामुळे फारसं काही घडलं नाही, असं ते सभेवाले दाखवतील. दाखवू देत. तिथेही थोड्या दुखणाइतांवर त्याने हात ठेवलेच. तुझा विश्वास आधी मोजतो आणि मग बघतो, असं तो एकाही आजाऱ्याला म्हणालेला मला सापडलं नाही. तुला सापडलं तर पेन्सिलने खूण करून ठेव.

मी शनिवारी येते. नागपूरहून सकाळची गाडी धरली की दुपारपर्यंत परतवाड्याला उतरेन. तोवर एवढं करा. इन्सुलिन आजच सुरू, पूर्वीच्याच मात्रेत नको, आधी डॉक्टरला फोन करून किती ते विचारा. उघडून महिना झालेली कुपी फेका, नवी आणा, फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. बाबा, अंगणातसुद्धा चप्पल, आणि वेचणी संपेपर्यंत वावरात पाय टाकायचा नाही. मजुरांचे पैसे काका देतील, बोलले आहे मी. रोज रात्री आईने विजेरी धरून तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा. आई, उपास सोड, तुझं बीपी मला माहीत आहे.

रविवारी उपासना झाली की पाळकसाहेबांना आणि दोन वडिलांना घरी चहाला बोलवा. तेलाची बाटली त्यांना आणायला सांगा. बाबांची पट्टी मी त्याआधी बदलून ठेवीन.

तुमची,
बेबी