मेट्रो झाली, आता बसकडे पण बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मेट्रोच्या बातम्या तुमच्या पेपरात रोज असतात आणि आम्ही त्या आवडीने वाचतो, पण बसची बातमी येते ती अपघात झाला नाहीतर भाडं वाढलं तरच, म्हणून हे पत्र लिहितेय. मी भांडुपला राहते आणि कामाला अंधेरीत सीप्झच्या, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या वसाहतीच्या, बाजूला जाते. नकाशात बघितलं तर मधे फक्त पवई आहे. पण आपल्या लोकल सगळ्या उत्तर-दक्षिण धावतात, त्यामुळे नुसत्या लोकलने जायचं म्हटलं तर दादरपर्यंत खाली जा, तिथे गर्दीतून पूल ओलांडून वेस्टर्नला या आणि परत अंधेरीपर्यंत वर या. मुलुंड, भांडुप, विक्रोळीवरून अंधेरी-गोरेगावला रोज कामाला जाणारे हजारो लोक आहेत, त्यांचा प्रवास आडवा आहे आणि रेल्वे उभी आहे, मूळ दुखणं हेच.

2014 ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा आम्हाला खरंच हायसं वाटलं, साधारण साडेअकरा किलोमीटर, 12 स्टेशनं आणि वीस-बावीस मिनिटात या टोकाचं त्या टोकाला. ऑक्टोबर 2025 मधे मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, मरोळ नाक्याला दोन्ही मेट्रो एकमेकींना भेटतात, मुंबई वन अ‍ॅपवर लोकल, मेट्रो, बस सगळ्याचं तिकीट एकत्र निघतं. हे सगळं चांगलंच झालंय, मेट्रोला नावं ठेवायची नाहीयेत मला.

पण वेळ कुठे जातो ते सांगते. संध्याकाळी साडेसहानंतर घाटकोपरला मेट्रोतून उतरा, दरवाजा उघडल्यापासून खाली लोकलच्या प्लॅटफॉर्मवर पोचेपर्यंत आपण चालत नाही, ढकलले जातो. जिन्याच्या तोंडाशी सगळे थांबतात कारण खालून चढणारे तेवढेच असतात, म्हातारी माणसं कठड्याला धरून बाजूला उभी राहतात आणि गर्दी ओसरायची वाट बघतात, कडेवर मूल असलेली बाई असेल तर तिला कुणीतरी 'ताई तुम्ही आधी जा' म्हणतं पण जायला जागाच नसते. 2017 ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणं गेली, त्यानंतर नवे पूल झाले, रुंद झाले, हे मान्य आहे, तरी अशा गर्दीत जिना उतरताना ते आठवतंच. एवढं सगळं करून स्लो लोकल पकडायची आणि भांडुपला उतरून परत रिक्षाच्या लायनीत उभं राहायचं. मेट्रोत बसलेला वेळ यात सगळ्यात कमी असतो!

याच्याऐवजी सरळ रस्ता आहे ना, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. सीप्झवरून बस पकडली की पवई तलाव, आयआयटी मेन गेट, गांधीनगर आणि तिथून एलबीएस रोडने भांडुप. एकही जिना नाही, ढकलाढकली नाही, स्टॉपवर चढायचं आणि स्टॉपवर उतरायचं. पण या रस्त्यावर, याच रस्त्याने जाणाऱ्या नव्या मेट्रो 6 चं काम चालू आहे, पत्रे लावून लेन कमी झाल्यात, आणि उरलेल्या लेनमधे एकेक माणूस बसलेल्या गाड्यांच्या मागे साठ माणसांची बस अडकून पडते. ड्रायव्हरचा यात काय दोष, तो बिचारा क्लचवर पाय ठेवून घामाघूम झालेला असतो. स्टॉपसुद्धा कामामुळे पुढे-मागे सरकलेत, शेड नाही, पाटी नाही, कुठे उभं राहायचं ते टपरीवाल्याला विचारायचं. पावसात तर बघायलाच नको.

आणि या बसमधे कोण असतं? पवईच्या हिरानंदानीत स्वयंपाक-धुणीभांडी करणाऱ्या मावशी, एमआयडीसीतले हेल्पर, सिक्युरिटीवाले, कॉलेजची मुलं. मेट्रोचं तिकीट रोज परवडत नाही अशी माणसं. 2019 ला बेस्टने, म्हणजे मुंबईच्या बससेवेने, कमीत कमी भाडं 5 रुपये केलं तेव्हा लोक परत बसकडे वळले होते, मे 2025 पासून ते 10 झालं, एसीचं 12. जिला जाता-येता दोन-दोन बस बदलायला लागतात तिचे दिवसाचे 20 चे 40 झाले. बरं भाडं वाढवलं तर बसपण वाढवा, तर तेही नाही. एकेकाळी बेस्टकडे चार हजारांच्या वर बस होत्या, आता भाड्याच्या धरूनसुद्धा तीन हजारांच्या आत आल्यात, स्वतःच्या तर थोड्याच उरल्या, आणि भाड्याने बस चालवणारे काही कंत्राटदार मधेच काम सोडून गेले तेव्हा त्या बस एकदम बंद पडल्या. मुंबईची वस्ती तेवढ्यात कुठल्याकुठे वाढली. बेस्ट तोट्यात आहे असं दरवेळी सांगतात, पण फ्लायओव्हर नफ्यात आहे का असं कुणी विचारत नाही. एकट्या मेट्रो 3 वर 37 हजार कोटींच्या वर खर्च झाला आणि तो व्हायलाच हवा होता असं माझं मत आहे, फक्त त्या स्टेशनपर्यंत माणसाला घरून नेऊन सोडणारी बस नसेल तर तो रिक्षा करणार, नाहीतर कर्ज काढून बाईक घेणार आणि त्याच लिंक रोडवर येऊन उभा राहणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेट्रो 6 सुरू होईल तेव्हा होईल, तोपर्यंत सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळेला लिंक रोडवर जिथे जागा आहे तिथे तरी एक लेन बससाठी मोकळी ठेवा, ट्रॅफिक पोलीस उभे करा, आणि सरकलेल्या स्टॉपना निदान एक पाटी आणि एक दिवा द्या. दिवा मुद्दाम म्हणतेय, कारण रात्री साडेनऊला पत्र्याच्या आडोशाला एकटीने बसची वाट बघणं काय असतं ते पुरुषांना सांगून कळायचं नाही. यातल्या कशालाच हजारो कोटी लागत नाहीत.

तुम्हाला एक विनंती आहे. मेट्रोच्या उद्घाटनाला तुमचे वार्ताहर असतातच, तसं एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता त्यांना आयआयटी मेन गेटच्या स्टॉपवर पाठवा, तिथून भांडुपपर्यंत बसनेच जाऊदे, बसमधल्या बायकांशी बोलूदे, आणि त्या जे सांगतील ते पहिल्या पानावर छापा.

आपली,
एक नेहमीची वाचक
भांडुप (पश्चिम)