आपल्या तिखट जेवणाला स्वस्तातलीच वाइन बरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र छापून आलं होतं. वाइन हे श्रीमंतांचं पेय आहे, ते आपल्या भाकरी-रश्श्याला चालत नाही आणि ते किराणा दुकानात ठेवा म्हणणाऱ्यांना घर कसं चालतं ते ठाऊक नाही, असा पत्राचा सूर होता. मी बेळगावात टिळकवाडीत राहते. सहकारी बँकेतली नोकरी संपवून आता घरीच असते. स्वयंपाक मी करते, महिन्याचा किराणा मी भरते आणि हिशेबाची वहीही मीच लिहिते. म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं. पाचशे-सातशे रुपयांची वाइन आपल्या जेवणाबरोबर फार छान लागते. महागड्या वाइनपेक्षाही छान लागते, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी थोरली बहीण गोव्यात म्हापशाला दिली आहे. तिच्याकडे गेलं की संध्याकाळी आम्ही दोघी सामान आणायला बाहेर पडतो. तिथल्या मोठ्या किराणा दुकानात उकडा तांदूळ, सोलं, खोबरेल तेल आणि चार पावलांवर वाइनची फळी असते. कुणी वळून बघत नाही. एखादी आजी पोर्टची, म्हणजे गोड लाल वाइनची, बाटली उचलते, खाली ठेवते, दुसरीची किंमत बघते, अगदी लोणच्याची बरणी निवडावी तशी. पोर्तुगीज १९६१ मध्ये गेले, पण गोड पोर्टची आवड मागे राहिली आणि ती कुणाला लपवावीशी वाटत नाही. ताई रात्री बांगड्याचं तिखलं करते आणि फ्रीजमधली पांढरी वाइन काढते. दोघींना मिळून अर्धी बाटली पुरते. उरलेली झाकण लावून परत फ्रीजमध्ये जाते.

बेळगावला आल्यावर हे सगळं अवघड होऊन बसतं. गोव्यातून चोर्ला घाटानं येताना हद्दीजवळ कणकुंबीला तपासणी असते आणि परवान्याशिवाय बाटली आणायची नाही ही आमच्या घरची शिस्त आहे. इथं घ्यायची तर मद्याच्या दुकानात जायचं. जाळीच्या खिडकीपुढं संध्याकाळी पुरुषांची दाटी असते. त्यात माझ्या वयाची बाई उभी राहिली की मागून हमखास आवाज येतो, ‘काकूंना अगोदर द्या की ओ, लवकर जाऊ देत.’ त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण त्या गर्दीत कुठली बाटली गोडसर, कुठली कोरडी म्हणजे गोडी नसलेली, ती कधी भरलेली आहे, हे विचारायचं कसं? हात पुढे करून मिळेल ती घ्यायची आणि निघायचं.

आता जेवणाचं. गेल्या दिवाळीत बेंगळूरहून भाच्यानं एक महागडी लाल वाइन आणली होती, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली. मी मटणाचा तांबडा रस्सा केला होता. पहिल्या घोटाला वाइन उत्तम लागली. रश्श्याचा भुरका मारून पुन्हा घोट घेतला तर ती कडवट झाली आणि तोंड नुसतं पेटलं. यात त्या वाइनचा दोष नव्हता. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून तुरटपणा येतो, पिंपातून त्यात आणखी भर पडते. तोंडात मिरची असली की हाच तुरटपणा बोचतो. अल्कोहोल जितकं जास्त तितकी मिरचीची आग जास्त जाणवते. याउलट किंचित गोडी, भरपूर गारवा आणि कमी अल्कोहोल यांनी आग शमते. तुरटपणा, पिंप आणि मुरवण्याचा काळ यांचेच जास्तीचे पैसे महागड्या बाटलीत आपण मोजतो आणि आपल्या रश्श्यापुढं नेमकं तेच आडवं येतं. स्वस्त पांढरी वाइन पिंपात मुरवलेली नसते, ताजी असते, बरेचदा थोडी गोडसर असते. आपल्याला तीच हवी.

माझी सगळ्यात आवडती जोडी सांगते. मटण सुक्कं, ज्वारीची भाकरी, बाजूला मिरचीचा खर्डा, आणि फ्रीजमधून नुकतीच काढलेली गोडसर शेनिन ब्लाँ, म्हणजे त्या नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन. नाशिकची मिळते, ती फार महाग नसते. सुक्क्यातल्या खोबऱ्याचा आणि तेलाचा जडपणा तिच्या आंबटपणानं कापला जातो आणि कांदा-लसूण मसाल्याचा चटका तिच्या गोडीत निवतो. आमच्या ह्यांना आयुष्यभर वाइन नको होती. सुक्क्याबरोबर एकदा घेतली आणि आता रविवारी मटण आणायला निघाले की पिशवी हातात घेऊन स्वतःच विचारतात, ‘ती पांढरी आहे काय गे अजून?’

मासे असले आणि त्यात कोकम किंवा चिंच असली तर सॉव्हिन्यों ब्लाँ ही आंबटसर पांढरी वाइन घ्यावी. जेवण आंबट असेल तर वाइन त्याहून आंबट हवी, नाही तर ती पाण्यासारखी लागते. बांगड्याबरोबर लाल वाइन मात्र घेऊ नये. लाल वाइनमधल्या लोहामुळे तेलकट माशाचा हिवस वास तोंडात वर येतो. ही समजूत नाही, जपानी संशोधकांनी तपासून बघितलेली गोष्ट आहे.

घरी शाकाहारी वार असतात, तेव्हा तर गंमत वाढते. तीळ-शेंगदाण्याच्या कूटाची भरली वांगी आणि गुलाबी वाइन, म्हणजे रोझे. थालीपिठावर लोण्याचा गोळा असेल तर साधी कोरडी पांढरी. पावसाळ्यात संध्याकाळी भडंग केलं, वर बारीक कांदा आणि शेंगा टाकल्या, की बुडबुड्याची स्वस्त वाइन त्याच्याबरोबर इतकी जमते की जेवण पुढं ढकललं जातं. मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांना बुडबुडे नेहमीच मानवतात. लाल वाइन मी वांग्याच्या भरतासाठी राखून ठेवते. चुलीवर किंवा गॅसवर भाजलेल्या सालीचा धुरकट वास आणि शिराझ या लाल वाइनचा मिऱ्यासारखा वास एकमेकांना ओळखतात. भरतात मिरची बेतानं घालायची आणि बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची, एवढंच पथ्य. लाल वाइन घरातल्या उष्णतेवर ठेवून प्यायची असते हा सल्ला थंड देशातल्या घरांसाठी आहे, एप्रिलमधल्या बेळगावसाठी नाही.

गोडाचं म्हणाल तर आपला कुंदा आणि पोर्ट. खवा आटवताना जो खरपूस रंग आणि वास येतो, त्याला पोर्टची मनुक्यासारखी गोडी फार शोभते. कुंद्याबरोबर कोरडी वाइन घेतली तर ती आंबट लागते, कारण पेय पदार्थापेक्षा गोड असावं लागतं. गोकाकच्या करदंटालाही, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या वडीलाही, पोर्टच. दोन चमचे होईल एवढीच घ्यावी, जास्त घेण्याची ती चीज नव्हे.

घेताना बघायचं काय, तेही लिहिते. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. स्वस्त पांढरी वाइन ताजेपणासाठीच घ्यायची असते, म्हणून लेबलावर ती कधी भरली ते बघावं आणि जुनी बाटली घेऊ नये. दुकानदारानं काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेली बाटली तर अजिबात घेऊ नये. उन्हानं आणि उष्णतेनं वाइन मरते, मग ती कितीही रुपयांची असो. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नये, आपल्या हवेत ते बुचापेक्षा सोयीचं आहे. उघडल्यावर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस नीट राहते.

किराणा दुकानातल्या विक्रीचा मुद्दा मी टाळणार नाही. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं खानापूर तालुक्यात माझ्या माहेरच्या गल्लीतच आहेत. कर्नाटकात २००७ मध्ये सारायीवर, म्हणजे स्वस्त देशी दारूवर, बंदी आली तेव्हा गावोगावच्या बायकांना जो आनंद झाला तो मी बघितला आहे आणि मी त्यांच्याच बाजूची आहे. त्याच वर्षी राज्यानं द्राक्ष प्रक्रिया आणि वाइन धोरणही आणलं. सरकारलाही या दोन गोष्टी एक वाटल्या नव्हत्या. व्हिस्कीत जवळपास ४३ टक्के अल्कोहोल असतं, जेवणाच्या वाइनमध्ये १२-१३. तरीही वाइन ही दारूच आहे आणि ज्या घरात कुणी व्यसनातून बाहेर पडतंय तिथं ती नकोच.

शेजारी महाराष्ट्रात मंत्रिमंडळानं जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांच्या किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटांत वेगळं कपाट करून वाइन विकायला मान्यता दिली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोध वाढला आणि निर्णय बासनात गेला. त्या वादात शेतकऱ्याच्या फायद्याबद्दल खूप बोललं गेलं, पण ताटाबद्दल कुणीच बोललं नाही. मला वाटतं, जागेचा परिणाम माणसाच्या वागण्यावर होतो. तूरडाळीशेजारी ठेवलेली बाटली माणूस घरी नेतो, जेवणाबरोबर घेतो. जाळीच्या खिडकीतून घेतलेली बाटली तो कोपऱ्यावर उभं राहून संपवायच्या विचारानं घेतो. म्हणून परवान्यानं, वेगळ्या कुलूपबंद कपाटात, २१ वर्षांखालच्या कुणालाही न देता, मोठ्या किराणा दुकानांत ही सोय आपल्याकडेही व्हावी असं मला मनापासून वाटतं. ते होईपर्यंत मद्य दुकानदारांनी दोन गोष्टी तरी कराव्यात. वाइन सावलीत ठेवावी, आणि फळीवर कन्नड व मराठीत ‘गोड’, ‘गोडसर’, ‘कोरडी’ एवढी चिठ्ठी लावावी. लहान बाटल्या ठेवल्या तर दोन माणसांच्या घरांची आणखी सोय होईल.

अथणी, तिकोट्याकडची द्राक्षं बहुतेक खायला आणि बेदाण्याला जातात. पलूसला वाइन पार्क झालं, अकलूजला इटालियन मंडळींबरोबर वाइनरी उभी राहिली. आपल्या एवढ्या जवळ हे सगळं होत असताना आपल्या पुरवण्यांतल्या पाककृतींखाली ‘याबरोबर अमुक वाइन’ अशी एक ओळ यायला हरकत नसावी. संपादक महोदय, ही ओळ आपण सुरू करावी अशी माझी विनंती आहे. किंमत हजाराच्या आतली आणि पदार्थ आपल्या भागातले, एवढ्या दोन अटी ठेवाव्यात.

आणि एक कोडं मी वाचकांपुढं ठेवते. शेजारच्या अक्का पुंडी पल्ल्या, म्हणजे अंबाडीची भाजी, फार सुंदर करतात, वरून लसणाची लालबुंद फोडणी. त्याच्यापुढं शेनिन फिकी पडते, सॉव्हिन्यों थोडी टिकते पण लसणाशी तिचं जमत नाही, रोझे तर हरवूनच जाते. कुणाला योग्य जोडी सापडली असेल तर आपल्याच सदरातून कळवावी.

आपली नियमित वाचक,
टिळकवाडी, बेळगाव