ब्याऐंशी पर्सेंटाइलची गोष्ट कोण लिहिणार?

महोदय,

प्रवेशाचा हंगाम आला की नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या क्लासच्या फलकांवर गुणवंतांचे चेहरे झळकू लागतात. इंदिरानगरमधील आमच्या लहानशा वाचनालयात मी रोज संध्याकाळी दोन तास पुस्तकांच्या देवघेवीचे काम पाहते. गेल्या आठवड्यात नुकतीच बारावी झालेली एक मुलगी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी परत करायला आली. परदेशातल्या एका मुलीला हव्या त्या विद्यापीठाकडून नकार येतो, अशी काहीशी ती गोष्ट. पुस्तकात खूण म्हणून घातलेली तिच्या सीईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणपत्रकाची घडी तशीच राहिली होती. मी ती काढून दिली, तेव्हा ती म्हणाली, "काकू, असं मराठीत काही असेल तर द्या ना. आपल्याकडचं."

मी कपाटे धुंडाळली. एकीकडे बालसाहित्य, दुसरीकडे थेट मोठ्यांच्या कादंबऱ्या आणि मधल्या फळीवर स्पर्धा परीक्षांची पुस्तके व यशस्वी माणसांची चरित्रे! पंधरा ते अठरा या वयाला आपल्या साहित्यव्यवहारात जणू स्वतंत्र घरच नाही. साहित्य अकादमी 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार आणि 2011 पासून युवा पुरस्कार देते. पण युवा पुरस्कारात पाहिले जाते ते लेखकाचे वय, वाचकाचे नव्हे.

खरे तर कथेला लागणारा सारा ऐवज आपल्या घराघरांत पडलेला आहे. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, अन्यथा पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद व्हावे लागते. आता वडिलांच्या आग्रहाखातर एखाद्या मुलीने पहिल्या क्रमांकावर नको असलेले महाविद्यालय भरले आणि नेमके तेच मिळाले, तर त्या रात्री जेवणाच्या ताटावर काय होईल? कागदोपत्री एका कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि दिवसभर मुक्काम मात्र क्लासमध्ये, अशी दोन वर्षे काढणाऱ्या मुलाला मित्र कुठले म्हणायचे? पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तर शंभरातले किती जण आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत ते, हे मावशीला फोनवर समजावताना रडकुंडीला येणारी मुलगी मी स्वतः पाहिली आहे. दशांश चिन्हापुढचे सात आकडे तिला पाठ होते! 2024 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या निकालात आधी 1563 जणांना वाढीव गुण मिळाले आणि मग ते रद्द झाले, तेव्हा बातम्या न्यायालयाच्या आल्या; त्या महिनाभर घरात बसून राहिलेल्या मुलांच्या मनात काय चालले होते, हे सांगायला कादंबरीच हवी.

या विषयावर जे थोडेफार लिहिले जाते, त्यात मूल एक तर राज्यात पहिले येते किंवा जिवाचे बरेवाईट करून घेते. ब्याऐंशी पर्सेंटाइल मिळवून, थोडे हिरमुसून, दुसऱ्याच शाखेला जाऊन तिथे हळूहळू रुळणाऱ्या मुलाची गोष्ट कोणाला लिहावीशी वाटत नाही, आणि वर्गातली बहुसंख्य मुले तर तीच असतात. मुलांना वाचायला वेळ कुठे आहे, असे प्रकाशक म्हणतात. तो वेळ इंग्रजी कादंबऱ्यांना कसा मिळतो, हे त्यांनी एकदा आमच्या नोंदवहीत येऊन पाहावे.

माझी विनंती साधी आहे. 1840 पासून चालत आलेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयापासून आमच्यासारख्या एका खोलीच्या वाचनालयापर्यंत सर्वांनी या वयासाठी एक वेगळी फळी राखावी. जून-जुलैमध्ये गल्लोगल्ली होणाऱ्या गुणवंतांच्या सत्कारांत पुन्हा एकदा यशाचे मंत्र सांगणारे पुस्तक देण्याऐवजी आयोजकांनी एखादी चांगली कादंबरी द्यावी, म्हणजे अशा लेखनाला मागणी आहे हे प्रकाशकांनाही दिसेल. त्या मुलीचे नाव मी मागणीच्या वहीत लिहून ठेवले आहे. पुस्तकाच्या नावाचा रकाना तेवढा अजून कोरा आहे.

आपली,
एक वाचनालय कार्यकर्ती, इंदिरानगर, नाशिक