'ओळी' हे नाव ठेवू दिलंत, त्याबद्दल

दादा,

त्या शनिवारी वाचनालयातल्या संगणकाची अडचण सोडवून तुम्ही जिना उतरून गेलात तेव्हा माझा गळा दाटून आला होता, धड बोलता आलं नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या छोट्या वाचनालयाची वर्गणी, देवघेव, थकबाकीच्या चिठ्ठ्या, सगळं मी रुबी या संगणक-भाषेतल्या 23 स्क्रिप्टांवर, म्हणजे छोट्या प्रोग्रामांवर, चालवते. बँकेतून निवृत्त झाल्यावर शिकले. प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला त्याच सहा ओळी: फाइल उघडा, एकेक ओळ घ्या, शेवटचं न्यू-लाइन (ओळ संपल्याची खूण) काढा, रिकामी ओळ गाळा, यादीत टाका, फाइल बंद करा. दोन ठिकाणी बंद करायची राहिलीच होती.

आणि आमच्या पहिल्या क्रमांकाच्या सभासद आजी! वर्गणी भरूनही तीन महिने त्यांना थकबाकीची चिठ्ठी जात होती. पावती हातात घेऊन त्या जिना चढून आल्या, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना आम्ही दरवर्षी संगणकाच्या देखभालीचे पैसे देतो, त्यांनी फोनवरच सांगितलं, "आजींचं नाव खोडून पुन्हा टाइप करा." तीनदा केलं. नवीन स्क्रिप्ट मागितली तर त्याच सहा ओळी चिकटवून पाठवली, वर बिल. माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र शेजारी बसून फाइलच पाहिलीत. जुन्या नोटपॅडनं तिच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची न दिसणारी खूण ठेवली होती, त्यामुळे यादीत पहिला असलेला आजींचा 'एक' हा क्रमांक स्क्रिप्टला 'एक' वाटतच नव्हता. ही खूण गाळणं, ओळी वाचणं, फाइल बंद होणं, सगळं रुबीची 'रीडलाइन्स' ही सगळ्या ओळी एकदम वाचणारी आज्ञा वापरून एका छोट्या मेथडमध्ये, म्हणजे नाव देऊन पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या कोडच्या तुकड्यात, बसलं. आता प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ती मेथड जोडून घेणारी 'रिक्वायर रिलेटिव्ह'ची एकच ओळ. देवघेवीची जुनी नोंदवही फार मोठी, ती एकदम मेमरीत घेऊ नका, तिला एकेक ओळ वाचणारं 'फोरईच' लावा, हेही बजावलंत.

पण मनात घर केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मेथडला नाव द्यायची वेळ आली आणि मी इंग्रजी शब्द शोधत अडखळले. तुम्ही विचारलंत, "तुम्ही मनात याला काय म्हणता?" मी म्हटलं, "ओळी." तुम्ही कीबोर्ड माझ्याकडे सरकवलात. "मग तेच लिहा. रुबीला देवनागरी चालते." मी लिहिलं, आणि चाललं! इतकी वर्षं मला वाटत होतं की हे यंत्र दुसऱ्या कुणाचं आहे, मी फक्त परवानगीनं वापरते.

रुबी घडवणारे युकिहिरो मात्सुमोतो सांगतात की काम करणाऱ्याला आनंद व्हावा म्हणून त्यांनी ही भाषा केली. 1995 साली जपानात जाहीर झालेला तो चांगुलपणा रामबागेत माझ्यापर्यंत तुमच्या हातून आला. ज्याला येतं त्यानं समोरच्याला लहान न करता शिकवावं, असं वागणारी माणसं अजून भेटतात, हे बघून फार बरं वाटलं.

आजींना या महिन्यात चिठ्ठी गेली नाही. परवा मी एकटीनं दुसरी मेथड लिहिली, स्वल्पविरामावर ओळ तोडणारी. नाव ठेवलंय 'रकाने'. शनिवारी वाचनालय उघडं असतं. येऊन एकदा बघाल का?